समोरची काढली, मागची लावली?

आर्डिथ श्राडरनं जातीबाहेर लग्न केलं होतं. चर्च तेच, गाव तेच, दोन्ही घरी गाई आणि दोन्ही घरचं बटाट्याचं सॅलड सारखंच बेचव. पण आर्डिथचं माहेर सहावाल्यांचं आणि सासर आठवाल्यांचं. आमच्या वायोमिंगच्या डोंगरात याहून मोठी जात नाही.

आता हे सहा आणि आठ म्हणजे काय ते एकदाच सांगते, परत विचारायचं नाही. पिकअप ट्रकच्या डिझेल इंजिनात सहा सिलिंडर शाळेतल्या पोरांसारखे एका रांगेत उभे केले, की ते सहावालं. चार इकडे, चार तिकडे, असे तिरपे बसवले, की ते आठवालं. सहावाले म्हणतात, आमचा बैल आहे. घाई करणार नाही, पण एकदा ओढायला लागला की डोंगरसुद्धा मागनं येईल. आठवाले म्हणतात, आमचा घोडा आहे, तुमचा बैल चढावर धापा टाकतोय तोवर आमची वर जाऊन कॉफी पिऊन होते. सहावाले म्हणतात, प्या प्या, निवांत प्या, कारण तुमच्या घोड्याचं काही दुरुस्त करायचं तर ट्रकची अख्खी केबिन वर उचलावी लागते. आठवाले म्हणतात, आणि तुमच्यात तासभर बसलं की हादऱ्यांनी दातांतलं सिमेंट गळून पडतं. गावातल्या कॉफीच्या टेबलावर हे रोज सकाळी चालतं, आणि तीच माणसं तेच बोलतात. कुणाचंही मत आजवर केसभर बदललेलं नाही.

आर्डिथचा बाप आयनार डोंगरातून लाकडाचे ओंडके खाली आणायचा. त्यानं मुलीला आधी गिअर शिकवला, मग सायकल. तो फार बोलायचा नाही, पण घाटाच्या माथ्यावर आला की एक वाक्य हमखास टाकायचा. "चढताना सगळेच शहाणे असतात, आर्डी. उतरताना बघायचं."

आणि डेल्मर श्राडर? उंच, काटकुळा, कान टोपीबाहेर आलेले, आणि बढाई अशी की ऐकणाऱ्यानं खुर्ची धरून बसावं. माणूस मनाचा लोण्यासारखा हो. पण आठवाला. हाडापर्यंत आठवाला. लग्नाच्या दिवशी आर्डिथ वडिलांनी दिलेला सहावाला ट्रक घेऊन अंगणात आली, तेव्हा डेल्मरचा बाप ओसरीवरनं ओरडला, "हे खटारं माझ्या दारात उभं राहणार नाही!" राहिलं. आणि पुढे तोच सासरा वारला, तेव्हा त्याला पोचवायच्या सकाळी अशी काही थंडी पडली होती, की डेल्मरचा ट्रक उठलाच नाही. रात्री त्याची वायर लावायला कुणाला सुचलंच नव्हतं. मग शवपेटी गेली सुनेच्या खटाऱ्यातून. त्या विषयावर श्राडरांच्या घरात आजही कुणी तोंड उघडत नाही. आर्डिथ तर नाहीच. ती फक्त दर वर्षी सासऱ्याच्या दिवशी ट्रक धुते.

आता वायरीचं. आमच्याकडे हिवाळ्यात डिझेल ट्रकला गाईसारखं दावणीला बांधावं लागतं. प्रत्येक ट्रकच्या नाकातून एक काळी वायर लोंबत असते. ती भिंतीतल्या प्लगात खोचली, की इंजिन उबदार राहतं. नाही खोचली, की तुम्ही चालत जा. ही झाली समोरची वायर. मागे ट्रेलर जोडला, की आणखी एक. ट्रेलरचे दिवे आणि ट्रेलरचे ब्रेक दोन्ही तिच्यातूनच चालतात. ही मागची. डेल्मरचा ट्रक जुना. उभा असताना ट्रेलर त्याच्या बॅटरीचं रक्त पीत राहतो. म्हणून कुठं थांबला, की तो मागची काढून ठेवतो आणि समोरची लावतो. निघताना उलट.

आणि इथंच त्या दोघांची रीत होती. निघताना ज्यानं-त्यानं आपलं करायचं, पण तपासायचं दुसऱ्यानं. ती त्याच्या ट्रकभोवती फेरी मारायची, तो तिच्या. मग खिडकीशी येऊन विचारायचं.

"समोरची?"

"काढली."

"मागची?"

"लावली."

भांडण असो, ताप असो, ही चार वाक्यं चुकली नव्हती. त्या दिवसापर्यंत.

नोव्हेंबर सरत आला होता. गाभण कालवडी डोंगरापलीकडे, डेल्मरच्या भावाच्या कुरणावर हिवाळ्यासाठी न्यायच्या होत्या. डेल्मरच्या मागे कालवडींचा ट्रेलर. आर्डिथच्या ट्रकवर त्यांच्यासाठी गवताच्या गाठी, दोरांनी करकचून बांधलेल्या. आकाश निळंशार, रस्ता कोरडा, आणि थंडी अशी की नाकातले केस कडक होतात ना, तशी.

चढावर डेल्मरनं नेहमीचा खेळ केला. मागनं आला, भोंगा वाजवला, आणि कालवडींसकट तिला मागे टाकून पुढे गेला. केबिनमधला रेडिओ खरखरला.

"आर्डी, तुझ्या म्हाताऱ्या गाडीला विचार, वर पोचायला काठी देऊ का?"

"तिला म्हटलं मी. ती म्हणते, तो वर गेला तर जाऊ दे, खाली कधी उतरतो बघू."

"वर ओपलकडे तुझा पाय येईपर्यंत मी तुझा दालचिनीचा रोलसुद्धा खाऊन टाकीन!"

"खा. वजन वाढलं तर तुझा घोडा बसेल."

इतपत सगळं ठीक होतं. हे त्यांचं गोड बोलणं समजा.

घाटमाथ्यावर ओपलचा लॉज. ओपल ही बाई गावातल्या सगळ्या नवऱ्यांना ओळखते आणि एकालाही मान देत नाही. तिच्या अंगणात खांब आहेत आणि प्रत्येक खांबाला प्लग. कारण खिडकीखाली इंजिन चालू ठेवून आत येणाऱ्याला ती चिली, म्हणजे तिचं तिखटजाळ खिम्याचं कालवण, वाढत नाही. दोघांनी समोरच्या वायरी खांबांना लावल्या. डेल्मरनं सवयीनं मागची ओढून ट्रेलरच्या जोडावर टाकली. आर्डिथनं ते पाहिलं. पाहिलं आणि विसरली, कारण रोजचंच होतं.

आत चिली, दालचिनीचा रोल, कॉफी. डेल्मर गप्प. डेल्मर गप्प बसला, म्हणजे एक तर आजारी असतो, नाही तर काहीतरी करून बसलेला असतो.

"बोल," आर्डिथ म्हणाली.

"काय बोलू?"

"ज्यासाठी रोल अर्धा टाकलास ते."

त्यानं टोपी काढली, परत घातली. "नवीन ट्रक घ्यायचाय ना आपल्याला. दोन्ही म्हातारे झालेत."

"घ्यायचाय. एकच घेऊ शकतो. वसंतात बसून ठरवू म्हणालो होतो."

"तर मी... त्या दुकानदाराला शब्द दिलाय."

आर्डिथनं चमचा खाली ठेवला. "कसला शब्द?"

"आठवाला. पांढरा. आर्डी, तो चालवून बघितलास ना तर—"

"मला विचारलंस?"

"तू नाहीच म्हणाली असतीस!"

"म्हणजे विचारलं नाहीस, कारण उत्तर माहीत होतं."

ओपल कॉफीचं भांडं घेऊन आली होती, ती आल्या पावली परत गेली. तिला कळतं कुठं थांबावं.

आर्डिथ ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, डेल्मरला ओरडण्याची सवय होती. ती हळू म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्या अंगणात माझं इंजिन पाहुण्यासारखं उभं आहे. मला वाटलं होतं, निदान शेवटचा ट्रक तरी दोघांचा होईल."

"इंजिनच आहे गं ते!"

"हो ना. मग तुला एवढं का हवंय?"

डेल्मर चिडला. पुरुषांचं हे असंच. खुर्ची मागं सारून बाहेर गेला. खांबाची वायर ओढली, केबिनचं दार आपटलं आणि निघाला. आर्डिथ त्याच्या मागोमाग बाहेर आली. तिनं स्वतःची वायर काढली आणि फेरी मारली नाही. खिडकीशी गेली नाही. त्यानंही मागं वळून विचारलं नाही. ओपल दारात उभी होती. तिला वाटलं, काहीतरी राहिलं. काय ते तिला सांगता आलं नसतं.

लॉज सोडला की लगेच उतार. पहिलं वळण आलं. पुढे डेल्मरचा ट्रक, त्याच्यामागे ट्रेलर, आणि त्याच्यामागे आर्डिथ. वळणाआधी ट्रेलर हळू झाला, म्हणजे डेल्मरनं ब्रेक दाबला होता.

ट्रेलरचे लाल दिवे लागले नाहीत.

आर्डिथनं डोळे बारीक केले. दुसरं वळण. ट्रेलर पुन्हा हळू झाला. पुन्हा अंधार. आणि मग तिला लॉजचं अंगण आठवलं, जोडावर टाकलेली ती काळी वायर आठवली. दिवे नाहीत म्हणजे ट्रेलरचे ब्रेकही नाहीत. सगळ्या कालवडींचं वजन आणि ट्रेलरचं वजन, सगळं एकट्या ट्रकच्या ब्रेकवर. आणि डेल्मरच्या जुन्या आठवाल्याला एक्झॉस्ट ब्रेक नाही.

हा काय असतो ते डोंगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगते. डिझेलवरचा पाय काढला, तरी ते गाडी फारशी धरत नाही, घरंगळू देतं. म्हणून धूर बाहेर जायच्या वाटेवर एक झडप बसवतात. ती मिटली की इंजिन स्वतःचाच श्वास कोंडतं आणि गाडी मागे खेचतं. चाकाच्या ब्रेकला हातसुद्धा लावावा लागत नाही. आर्डिथच्या ट्रकला ती झडप होती, बापानं सांगितलं म्हणून बसवलेली. डेल्मर म्हणायचा, मला माझे पाय आहेत की.

तिनं रेडिओ उचलला. "डेल, थांब. तुझी मागची राहिली. थांब."

काही नाही.

"डेल्मर! ऐकतोयस का?"

रेडिओ गप्प. नवरोबा रुसले होते. रेडिओ बंद करून बसले होते.

तिनं दिवे उघडझाप केले. भोंगा वाजवला, लांब, परत लांब. पुढच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्या हातानं केलं काय, तर पुढे ये असं खुणावलं. चिडवून. त्याला वाटलं, बायको रागानं शर्यत लावतेय. जन्मभर एकमेकांना असेच दिवे दाखवून डिवचलेलं. आता खरं सांगायला तिच्याकडे वेगळे दिवे कुठून येणार? आणि त्यानं वेग वाढवला. वाढवला हो!

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथं मागचीला सगळं दिसत होतं आणि पुढचा ठेच लागेपर्यंत मान वळवायला तयार नव्हता.

थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एक रुंद जागा होती, हिवाळ्यात लोक तिथे टायरच्या साखळ्या काढतात. तिथे तो थांबला असता तर गोष्ट तिथेच संपली असती आणि मी तुम्हाला सांगायला बसलेच नसते. आर्डिथ भोंग्यावर हात दाबून धरून होती. तो ती जागा ओलांडून गेला.

मग वास आला. जळक्या ब्रेकचा वास एकदा नाकात गेला, की माणूस तो जन्मभर विसरत नाही, इस्त्रीखाली लोकर राहावी तसा. त्याच्या पुढच्या चाकांतून निळसर धूर निघू लागला. एक वळण त्यानं कसंबसं काढलं. ट्रेलरचं मागचं चाक रस्त्याच्या पांढऱ्या रेघेबाहेर गेलं आणि परत आलं. कालवडींच्या खुरांचा पत्र्यावर आवाज झाला. पुढच्या वळणावर ट्रेलर हळू झालाच नाही.

आता त्याला कळलं होतं.

रेडिओ खरखरला. "आर्डी." आवाज त्याचाच, पण त्यातली बढाई कुणी उपटून काढल्यासारखी. "आर्डी, पेडल खाली जातंय. लागत नाहीये."

"माहितेय. मागची लावली नाहीस तू. ट्रेलर ब्रेक मारत नाहीये."

मग, "देवा."

"देवाला नंतर बोलाव. गिअर कुठला?"

"खालचा. तरी पळतोय. आर्डी, पुढे कोपर आहे."

कोपर म्हणजे त्या घाटातलं सगळ्यात वाईट वळण. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि रस्ता हाताच्या कोपरासारखा मुडपलेला. कोपर ओलांडलं की उजवीकडे खडीची एक वाट चढावर काढलेली आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी. तीत घुसलं की खडी चाकं गिळते आणि ट्रक थांबतो. पण ती कोपराच्या पुढे. आधी जागाच नव्हती करायला. म्हणजे कोपर काढलं तर जीव वाचला, आणि या वेगानं कोपर निघणार नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

कोपराच्या आधी लांबच लांब सरळ उतार आहे. आर्डिथनं तो पाहिला आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. पुढे त्याच्याकडे धरून ठेवणारं काही नाही. माझ्याकडे आहे.

"डेल, मी तुझ्या पुढे येतेय."

"काय?"

"पुढे येऊन तुला पाठीवर घेते. माझ्या मागच्या बंपरवर येऊन टेक. मी धरते."

"वेडी आहेस का तू! दोघं जाऊ!"

"मग तुझ्याशी भांडायला कोण उरेल, ते तरी सांग. उजवीकडे राहा आणि स्टिअरिंग सरळ धर."

तिनं झडप उघडली, वरचा गिअर टाकला आणि पाय खाली दाबला. सहावालं इंजिन पळायला बनलेलं नसतं. ते कण्हलं, थरथरलं, आरशातलं सगळं जग हललं. पण उतार होता, गवताचं वजन होतं, आणि ती डाव्या बाजूनं, समोरून येणाऱ्यांच्या बाजूनं, ट्रेलरच्या कडेला आली. जाळीतून एका कालवडीचा डोळा तिला दिसला, पांढरा फट्ट. मग डेल्मरचं दार. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, त्याला पाहता येत नव्हतं. दोन्ही हात चाकावर, टोपी कुठं पडली होती कोण जाणे, केस उभे.

आणि समोर खालून रस्त्यावरचं बर्फ काढायचा पिवळा ट्रक येत होता.

इतका मोठा, की पातं अर्धा रस्ता व्यापलेलं. त्याच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आर्डिथनं पाय काढला नाही. काढला असता तर डेल्मरच्या बाजूला अडकली असती. तिनं बापाचं नाव घेतलं की देवाचं, हे ती आजवर सांगत नाही. पिवळा ट्रक कड्याला घासत उभा राहिला, आणि आर्डिथ डेल्मरच्या नाकापुढून उजवीकडे आत शिरली, त्या दोघांच्या मधल्या फटीतून. मागच्या गवताच्या गाठीतून काड्या उडाल्या आणि डेल्मरच्या काचेवर चिकटल्या.

"आता ये," ती म्हणाली. "हळू. मी थोडी कमी करते, तू येऊन टेक. आपटू नकोस."

"मला हळू येता येत नाही, आर्डी, तेच तर दुखणं आहे!"

"मग मीच येते."

तिनं वेग त्याच्याएवढा आणला. आरशात त्याच्या ट्रकची, हरणं आडवी आली तर म्हणून नाकापुढे लावलेली लोखंडी जाळी मोठी मोठी होत गेली. धाड! तिची मान मागे आपटली. ट्रक नाचला. गाठींचे दोर कुरकुरले. मग दुसरा धक्का, लहान. मग एक सततचा दाब, पाठीवर कुणी मोठं जनावर टेकावं तसा.

"लागलं?"

"लागलं."

"चाक सरळ ठेव. डावीउजवीकडे झालास तर ट्रेलर तुला वळसा घालेल. माझ्या गवताकडे बघ. दरीकडे बघू नकोस."

"गवतच दिसतंय. दुसरं काही दिसतच नाहीये!"

तिनं झडप मिटली.

इंजिनानं जो आवाज काढला, तो तिनं कधी ऐकला नव्हता. गळा आवळलेल्या बैलाचा. केबिनमधलं सगळं थरथरायला लागलं, आरसा, पेला, तिचे दात. तिनं एक गिअर खाली टाकला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेच्या पुढे गेला. मागे आठवाल्याचं सगळं वजन, कालवडींचं सगळं वजन तिच्या बंपरवर. तिनं चाकाच्या ब्रेकला स्पर्शही केला नाही, ते शेवटच्यासाठी राखून ठेवले. डोळे रस्त्यावर, कान इंजिनावर. बापानं कान तयार केले होते. सहाच्या सहा बोलतायत का? बोलत होते. ओरडत होते, पण बोलत होते.

वेग पडायला लागला. हळूहळू. पायाखालून वाळू सरकावी इतका हळू.

"आर्डी, कोपर."

"दिसतंय."

"अजून जास्त आहे."

"दिसतंय म्हटलं ना!" आणि आता राखून ठेवलेले ब्रेक तिनं दाबले, थोडे, सोडले, परत थोडे. "डेल, वळणात मी जाईन तसा ये. मी जिथून जाईन तिथूनच. आपलं शहाणपण लावू नकोस."

"आज नाही लावत."

कोपर. कडा डावीकडून अंगावर आला. उजवीकडे काही नाही, नुसता निळा आकाशाचा तुकडा आणि खाली पाइनची टोकं. आर्डिथनं रस्त्याच्या आतल्या कडेला चिकटून चाक फिरवलं. मागचा दाब एका बाजूला सरकला, तिचा मागचा भाग बाहेर ढकलला गेला. तिला वाटलं, गेलो. तिनं चाक उलट फिरवलं, इंचभर. दाब परत मधोमध आला. आरशात ट्रेलर वळणावर बाहेर बाहेर झुकला, त्याचं एक चाक डांबर सोडून मातीत गेलं, दगड दरीत उडाले. मग चाक परत वर आलं.

रस्ता सरळ झाला.

"खडी!" ती ओरडली. "उजवीकडे! मी बाजूला होते, तू आत जा! आता!"

तिनं झडप उघडली आणि पुढे उडी मारल्यासारखी निघाली. पाठीवरचं ओझं सुटलं. आरशात डेल्मरचा ट्रक उजवीकडे वळला, खडीच्या वाटेत घुसला, दोन्ही बाजूंनी दगडांचे फवारे उडाले. पुढे गेला, वर गेला, हळू झाला, नाक खुपसून थांबला. ट्रेलर थोडा वाकडा झाला, पण उभा राहिला. आतून कालवडींनी अशी काही बोंब मारली, की ती आर्डिथला जगातलं सगळ्यात गोड गाणं वाटली.

ती बरीच खाली जाऊन थांबली. ट्रकमधून उतरली. मग चढ चढत परत गेली. डेल्मर खाली उतरला होता आणि खडीत बसला होता, पाय पसरून, लहान मूल वाळूत बसतं तसा. ती त्याच्याजवळ गेली नाही. आधी ट्रेलरच्या जोडाशी गेली. काळी वायर रस्त्यावर घासून घासून प्लगाचं टोक अर्धं झिजलं होतं. तिनं ती उचलली आणि त्याच्या मांडीवर आणून ठेवली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "बोल. जे बोलायचंय ते बोल."

"मीही फेरी मारली नव्हती," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी खडीत बसली. पिवळ्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला तेव्हा ही दोघं अशीच बसली होती आणि डेल्मर तिच्या केसांतल्या गवताच्या काड्या काढत होता. ड्रायव्हरनं टोपी काढली आणि निमूट कालवडी मोजायला गेला.

आता गावाचं सांगते. डेल्मर श्राडर दोन आठवडे कॉफीच्या टेबलावर गेला नाही. मग गेला, आणि बसल्या बसल्या म्हणाला, "अख्ख्या घाटात माझ्या आठवाल्यानं तिच्या सहावाल्याला ढकलत खाली नेलं. एकटी कशी पोचली असती ती?" टेबल असं हसलं की ओपलनं म्हणे डोंगरावर ऐकलं. हसताना त्याचे डोळे मात्र ओले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी पाहिलं नाही.

त्याच्या लोखंडी जाळीला मधोमध खळगा पडलाय, आर्डिथच्या बंपरवरच्या, ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्याचा. दुरुस्त करू देत नाही.

दुकानदाराकडे तो एकटाच गेला होता, त्याच हिवाळ्यात. रिकाम्या हातानं परत आला. आर्डिथ चूल पेटवत होती.

"काय झालं?"

"त्याला विचारलं, उतरताना कसा धरतो. तो म्हणाला, साहेब, तुम्ही चढताना बघा, पक्षी आहे पक्षी."

"मग?"

"मग आलो निघून. म्हटलं, बायकोला घेऊन येतो, ती विचारेल नीट." टोपी खुंटीला लावत तो म्हणाला, "दोन्ही चालवून बघू. उतारावर. आणि रंग पांढरा नको, तू म्हणतेस ते मान्य."

"रंगाचं मी काही म्हटलंच नव्हतं."

"म्हणणार होतीस."

वसंतात ते गेले दोन्ही चालवायला. तिकडे काय ठरलं, ते तुम्ही त्यांनाच विचारा. दोघं दोन वेगळी उत्तरं देतात आणि गावात सध्या सहावाले आणि आठवाले दोघंही आपण जिंकलो म्हणून फिरतायत. मला विचाराल, तर मी ओपलच्या खिडकीतून पाहिलेलं तेवढं सांगते. परवा ते दोघं खाऊन निघाले, कुठल्याशा गोष्टीवरून तोंडं फुगलेली, एक शब्द नाही. डेल्मर केबिनमध्ये चढला. आर्डिथ तिच्या ट्रकमध्ये चढली. इंजिनं सुरू झाली. आणि मग दोघांचीही दारं उघडली. तो तिच्या ट्रकभोवती गेला, ती त्याच्या. बर्फात गुडघा टेकून तिनं ट्रेलरचा प्लग हातानं हलवून बघितला. मग खिडकीशी येऊन, तोंड तसंच फुगलेलं ठेवून म्हणाली,

"समोरची?"